कंपायलरने पेरलेल्या खुणा

पावसाळ्यात कृष्णेस पूर चढू लागला की सांगलीत जो तो एकच प्रश्न विचारितो : आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले? १९२९ साली खुल्या झालेल्या ह्या पुलापाशी पाण्याची उंची मोजतात. ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी मानिली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते, हे आमच्या पालकवर्गास सांगावयास नको. मोजपट्टी पुरास अडवीत नाही. परंतु ती नसती तर "पाणी फार आले" आणि "पाणी ओसरले" ह्यांपलीकडे कोणास काही सांगता आले नसते.

संगणकाचे प्रोग्राम तपासण्याच्या शास्त्रातही अशी एक मोजपट्टी २०१३ सालापासून विशेष प्रचारात आली आहे. मात्र ती बाहेर खांबावर रंगविलेली नसून प्रोग्रामच्या पोटात पेरलेली असते, आणि ती पेरणारा कारागीर म्हणजे कंपायलर होय. हल्ली घरातील गॅसची नोंदणी, बँकेतील पैशांची देवघेव, मुलांचे परीक्षेचे निकाल ही सारी कामे फोनवर होतात. तो फोन ज्या प्रोग्रामांवर चालतो त्यांतील उणिवा कशा हुडकून काढितात, ह्याची थोडी ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस असावी, ह्या हेतूने आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम कंपायलर म्हणजे काय ते पाहू. मनुष्य प्रोग्राम लिहितो तो 'सी' सारख्या एखाद्या भाषेत. यंत्रास मात्र केवळ आकड्यांत मांडलेल्या आज्ञा समजतात. ह्या दोहोंमधील दुभाष्या म्हणजे कंपायलर. तो स्वतःही एक प्रोग्रामच असतो. १९८७ साली निघालेला 'जीसीसी' आणि २००० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात आरंभिलेला 'एलएलव्हीएम' हे दोन कंपायलर जगभर विनामूल्य मिळतात. एलएलव्हीएमचे आद्य कर्ते ख्रिस लॅटनर. त्यांचे गुरू विक्रम अडवे हे मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. जीसीसीचे अंतरंग विद्यार्थ्यांस उलगडून दाखविण्याचे काम त्याच आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर ह्यांनी पुष्कळ वर्षे केले. ही विद्या आपल्यापासून फार दूरची आहे असे कोणी समजू नये.

भाषांतर चालू असता कंपायलरच्या हाती संपूर्ण प्रोग्रामचा नकाशा असतो. कोठे "जर असे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे" असा फाटा फुटतो, कोणते काम पुनःपुन्हा करावयाचे आहे, हे सर्व त्यास त्या घटकेस दिसते. म्हणून खुणा पेरावयाच्या तर त्याच वेळी. मोठे धरण बांधिताना काँक्रीट ओतीत असतानाच आत उष्णतेची व ताणाची मापके बसवितात. धरण उभे राहिल्यावर त्याच्या गाभ्यात मापक घालावयाचे म्हणजे पोखरणे आले. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या पोटातील गॅलरीत कंपनमापक यंत्र आधीच ठेविलेले होते, म्हणूनच ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने धरणास बसलेल्या हादऱ्याची नोंद तेथल्या तेथे मिळाली आणि जगभरच्या स्थापत्यशास्त्रज्ञांस ती उपयोगी पडली. तयार झालेल्या प्रोग्रामातही मागाहून खुणा घालण्याचे उपाय आहेत. परंतु ते बहुधा संथ व किचकट असतात. कंपायलरच्या हातून ते काम सहज व स्वस्तात होते.

आता ह्या खुणांची गरज का पडली ते सांगतो. १९८८ च्या शरद ऋतूतील एका वादळी रात्री अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरून टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. पावसामुळे तारेत खरखर शिरे व टंकिलेल्या अक्षरांत भलतीच अक्षरे मिसळत. आश्चर्य हे की, त्या कचऱ्याने चांगले नावाजलेले प्रोग्राम धडाधड बंद पडू लागले. मिलर ह्यांनी त्रागा न करिता ह्याच गोष्टीचा विद्यार्थ्यांस अभ्यास घालून दिला : मुद्दाम अर्थहीन अक्षरे निर्माण करावी, ती प्रोग्रामास चारावी, आणि कोण टिकतो ते पाहावे. ह्या परीक्षेस त्यांनी 'फझ' असे नाव दिले. १९९० साली त्यांनी व त्यांच्या दोघा विद्यार्थ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा की, युनिक्सच्या ज्या ज्या आवृत्तीची परीक्षा घेतली तिच्यातील शेकडा २५ ते ३३ साधने अशा कचऱ्यापुढे कोसळली किंवा अडकून पडली.

ही युक्ती फार सोपी आणि म्हणूनच फार मोलाची. पण तिच्यात एक वैगुण्य होते. ती आंधळी होती. फेकलेला कचरा प्रोग्रामच्या दारावरूनच परत फिरला की आत माजघरापर्यंत पोहोचला, हे परीक्षकास कळत नसे. प्रोग्राम पडला तर पडला. न पडला तर तो बळकट म्हणून की आपण त्याच्या नाजूक भागास हातच लाविला नाही म्हणून, ह्याचा उलगडा होत नसे.

हा मुद्दा नीट ध्यानात येण्यासाठी विद्यार्थ्यांनी एक प्रयोग कागदावर करून पाहावा. लीप वर्षाचा नियम सर्वांस ठाऊक आहे. सनास ४०० ने निःशेष भाग गेला तर लीप, तसा न जाता १०० ने गेला तर साधे, तसाही न जाता ४ ने गेला तर लीप, एरवी साधे. म्हणजे ह्या लहानशा नियमात चार वाटा आहेत. प्रत्येक वाटेच्या शेवटी एक चौकोन काढावा, आणि कोणतेही सन घेऊन नियम चालवीत गेल्यावर ज्या वाटेने आपण बाहेर पडू तिच्या चौकोनात एक रेघ ओढावी. २०२३ घ्या : चौथ्या चौकोनात रेघ. २०२४ घ्या : तिसऱ्यात रेघ. उत्तरे दोन्ही बरोबर आली. पुष्कळ विद्यार्थी येथेच पेन खाली ठेवितात व "प्रोग्राम ठीक आहे" असा शेरा मारितात! परंतु चौकोन काय सांगतात? पहिले दोन रिकामे आहेत. त्या वाटांवर अद्याप कोणी पाऊलही ठेविलेले नाही. चारशे वर्षांच्या चक्रात साध्या वाटेची ३०० वर्षे, नेहमीच्या लीप वाटेची ९६, शतकाच्या वाटेची ३ आणि चारशेच्या वाटेचे अवघे १. डोळे मिटून सन उचलीत गेल्यास ही शेवटची वाट सरासरीने चारशेंत एकदा सापडेल.

चौकोनात रेघ ओढण्याचे काम हेच कंपायलरने पेरलेल्या खुणांचे काम होय. तो प्रत्येक फाट्यावर एक इवलीशी आज्ञा घालून ठेवितो : "येथून गेल्यास अमुक घरातील आकडा एकाने वाढवावा." प्रोग्रामचे मूळ काम तेच राहते, वेग मात्र थोडा उतरतो, कारण प्रत्येक नाक्यावर नोंद करावी लागते.

ही कल्पना अनेकांनी निरनिराळ्या प्रकारे मांडिली होती. पण ती सर्वांच्या हाती सोप्या स्वरूपात पडली ती मीखाउ झालेफ्स्की ह्या पोलिश तंत्रज्ञाने २०१३ साली 'एएफएल' हे साधन प्रसिद्ध केले तेव्हा. (एएफएल हे नाव एका जातीच्या सशावरून घेतले आहे; विद्वानांस थट्टा वर्ज्य नसते.) त्यात ६५,५३६ घरांचा एक तक्ता असतो. प्रोग्रामच्या प्रत्येक तुकड्यास कंपायलर एक यदृच्छ क्रमांक देतो, व मागील तुकडा आणि आताचा तुकडा ह्यांच्या क्रमांकांच्या मिश्रणाने कोणत्या घरात नोंद व्हावयाची ते ठरते. म्हणजे नोंद ठिकाणाची नसून वाटचालीची असते. साताऱ्याहून निघालेल्या प्रवाशाने कराड, विटा व तासगाव ही गावे पाहिली, एवढे कळून भागत नाही; तो कोठून कोठे गेला हे कळावे लागते. कराडाहून विट्यास जाणे निराळे आणि विट्याहून कराडास येणे निराळे. हा दिशेचा भेद राहावा म्हणून मागील क्रमांक निम्मा करून मग मिश्रण करितात. एका लहानशा गणिती क्लृप्तीने केवढे काम साधते ते पाहून आम्हांस कौतुक वाटते.

तक्ता मिळाला की परीक्षेचे रूप पालटते. यंत्र एक नमुना घेते, त्यात कोठेतरी एखादे अक्षर बदलते, प्रोग्राम चालविते आणि तक्ता पाहते. नवे घर भरले नाही तर तो बदल टाकून द्यावयाचा. भरले तर तो नमुना जपून ठेवावयाचा व पुढील बदल त्याच्यावर करावयाचे. आरंभीच्या नमुन्यास इंग्रजीत 'बी' असेच म्हणतात. एका बीपासून चांगले वाण निवडीत जाणारा शेतकरी जे करितो तेच येथे सेकंदास शेकडो वेळा घडते.

ह्याचा लाभ किती, ते हिशेबाने पाहू. समजा, एका प्रोग्रामात अशी चूक दडली आहे की त्यास 'मिरज' हा शब्द दिला तरच तो कोसळतो. संगणकात हा शब्द म, ह्रस्व इकार, र व ज अशा चार चिन्हांनी साठवितात व प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, एकूण बारा. एका बाइटास २५६ रूपे. तेव्हा बारा बाइटांच्या एकंदर जोडण्या २५६ चा बारावा घात, म्हणजे २९ अंकी संख्या होते. सेकंदास हजार जोडण्या ह्या वेगाने सर्व तपासावयाच्या तर विश्वाच्या वयाच्या सुमारे अठरा कोटी पट काळ लागेल! आता समजा, प्रोग्राम हे बारा बाइट एकामागून एक, बारा निरनिराळ्या फाट्यांवर तपासतो आणि त्या फाट्यांवर खुणा पेरलेल्या आहेत. पहिला बाइट जुळताच नवे घर भरते. तो नमुना राखून दुसऱ्याच्या मागे लागता येते. बारांपैकी कोणता बाइट बदलावा हे यंत्रास ठाऊक नसते, म्हणून एका पायरीस सरासरी १२ गुणिले २५६, म्हणजे ३,०७२ प्रयत्न धरू. बारा पायऱ्यांस सुमारे ३७ हजार प्रयत्न; त्याच वेगाने ३७ सेकंद. आकडा तोच, यंत्र तेच; भेद एवढाच की मध्ये खुणा आहेत.

पण प्रोग्रामाने चार चार बाइट एकदम ताडून पाहिले तर? मग मधल्या पायऱ्या नाहीशा होतात व चारांचा एक गट जुळण्यास ४२९ कोटींहून अधिक जोडण्या पडतात. ह्यावरही उपाय कंपायलरच करितो. तो भाषांतर करितानाच एका मोठ्या तुलनेचे चार लहान तुलनांत रूपांतर करून ठेवितो, किंवा कोणाची कोणाशी तुलना झाली तेच परीक्षकास कळवितो. एलएलव्हीएममध्ये ही सोय अंगभूत आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये झालेफ्स्की ह्यांनी एक गमतीचा प्रयोग जाहीर केला. छायाचित्रे उलगडणाऱ्या एका प्रोग्रामास त्यांनी बी म्हणून 'हॅलो' एवढ्या एका शब्दाची फाइल दिली. चित्राचा त्यात लवलेशही नव्हता. खुणांच्या आधारे चाचपडत चाचपडत यंत्राने सुमारे सहा तासांत स्वतःच एक नियमशुद्ध चित्र घडविले. ते कोरे, करड्या रंगाचे, अवघे ३ ठिपके रुंद व ७८४ ठिपके उंच होते. चित्राची रचना त्यास कोणी शिकविली नव्हती.

खुणांचा दुसरा एक प्रकार आहे, आणि शेतकऱ्याच्या मुलांस तो चटकन समजेल. दोन शेतांमध्ये बांध नसला तर एकाचा नांगर दुसऱ्याच्या रानात केव्हा शिरला ते कळत नाही, आणि पीक हाती येईपर्यंत भांडणही होत नाही. संगणकाच्या स्मृतीतही प्रोग्राम आपल्या हद्दीपलीकडे लिहितो किंवा वाचतो, आणि पुष्कळदा लगेच काहीच बिघडत नाही. २०१२ साली गूगलच्या तंत्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या 'ॲड्रेस सॅनिटायझर' ह्या साधनात कंपायलर प्रत्येक तुकड्याच्या दोहों अंगांस बांध घालतो व प्रत्येक वाचनलेखनापूर्वी हद्द तपासणारी आज्ञा पेरितो. बांध ओलांडताच प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि कोणत्या ओळीने आगळीक केली ते सांगतो. वेग सरासरीने निम्मा होतो. म्हणून हे साधन बहुधा परीक्षेपुरतेच वापरितात.

हद्द ओलांडणे म्हणजे काय अनर्थ होऊ शकतो, हे एप्रिल २०१४ मध्ये साऱ्या जगास कळले. गुप्त संभाषणासाठी असंख्य संगणक वापरीत असलेल्या 'ओपनएसएसएल' ह्या प्रोग्रामात 'हार्टब्लीड' नावाची चूक सापडली. दूरचा कोणीही मनुष्य एक खोटी मागणी करून एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत परक्या स्मृतीतील मजकूर काढून घेऊ शके; त्यात परवलीचे शब्दही असू शकत. प्रोग्राम मात्र कोसळत नसे, म्हणून दोन वर्षे कोणास संशय आला नाही. पुढे २०१५ साली हानो ब्योक ह्या जर्मन पत्रकाराने एएफएल व ॲड्रेस सॅनिटायझर ही दोन्ही साधने जोडीने लावून हीच चूक काही तासांत सापडते असे दाखविले. एकट्या फझ-परीक्षेस ती दिसली नसती. बांध आणि वाटेची नोंद ही दोन्ही एकत्र आली तेव्हा दिसली.

ह्या सर्वांचा आपल्या मराठीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. फोनच्या पडद्यावर देवनागरी उमटविणे हे रोमन अक्षरे मांडण्यापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे. 'कि' लिहिताना संगणक आधी क व मग इकार साठवितो, पण काढिताना इकार आधी काढावा लागतो. 'अर्क' मधील र साठविला जातो क च्या आधी आणि दिसतो त्याच्या डोक्यावर. 'दऱ्या' मधील र चे तर मराठीत निराळेच रूप आहे. जेथे रूपे फार तेथे फाटे फार, आणि जेथे फाटे फार तेथे न तुडविलेल्या वाटाही फार.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ह्याचा प्रत्यय आला. तेलुगू लिपीतील 'ज्ञा' हे जोडाक्षर एका विशिष्ट रीतीने साठविलेले असता ॲपल कंपनीच्या आयफोनवर ते दाखविणारा प्रोग्राम बंद पडे. लोक ते अक्षर एकमेकांस पाठवीत व दुसऱ्याचा फोन जेरीस आणीत. त्या वेळी मोझिलामध्ये असलेले मनीष गोरेगावकर ह्यांनी ह्या प्रकाराचे पृथक्करण केले व दाखविले की दोष तेलुगूपुरता नाही. बंगाली आणि देवनागरीतही तो आहे. देवनागरीत र खेरीज एखादे व्यंजन, मग हलन्त, मग र, म्हणजे क्र, प्र ह्यांसारखे जोडाक्षर; त्यापुढे अक्षरे जुळू न देणारे एक अदृश्य चिन्ह, आणि त्यापुढे काना वा दुसरी स्वरखूण, असा क्रम आला की प्रोग्राम कोसळे. ॲपलने १९ फेब्रुवारी २०१८ रोजी आयओएस ११.२.६ ही आवृत्ती काढून दोष दूर केला.

असा क्रम शुद्ध मराठी लिहिणारा मनुष्य कधी टंकणार नाही. आणि नेमके म्हणूनच तो मनुष्याच्या तपासणीतून निसटतो. पण येथे आणखी एक हिशेब करून पाहावा. तीन बाइट आंधळेपणाने उचलले तर त्यांतून देवनागरी विभागातील चिन्ह बनण्याचा संभव १,३१,०७२ मध्ये एक एवढाच आहे. अशी पाच चिन्हे ओळीने येण्याची गोष्ट दूरच राहिली. खुणा पेरलेल्या असल्या तरी आरंभीच्या बियाण्यात देवनागरी मजकूर मुळीच नसेल, तर यंत्रास आपल्या लिपीच्या दारापर्यंत येण्यासच फार काळ लागेल. ज्याने बी निवडिले त्याने अर्धी वाट ठरविली, असे आम्हांस वाटते.

सुदैवाने हे काम आज उघड्यावर चालते. अक्षरांची वळणे रेखाटणारे 'फ्रीटाइप' आणि जोडाक्षरांची जुळणी करणारे 'हार्फबझ' ही दोन मुक्त साधने अँड्रॉइड फोनांत असतात. डिसेंबर २०१६ मध्ये गूगलने 'ओएसएस-फझ' नावाची योजना जाहीर केली. तिच्यात मुक्त प्रोग्राम कंपायलरकडून खुणा पेरून घेऊन रात्रंदिवस तपासले जातात. योजना जाहीर करितानाच त्यांनी उदाहरण दिले ते फ्रीटाइपचे : मजकुरात बदल झाल्यापासून काही तासांतच हद्द ओलांडण्याची एक चूक सापडली, चालकांस आपोआप कळविली गेली, आणि दुरुस्ती होऊन तिची खातरजमा त्याच दिवसात झाली. हार्फबझही ह्या योजनेत आहे.

तथापि खुणांची मर्यादा ओळखून असले पाहिजे. वर सांगितलेल्या लीप वर्षाच्या प्रयोगात एखाद्याने १९०० हे लीप वर्ष ठरविणारा चुकीचा नियम लिहिला, तरी चौकोन यथास्थित भरतील आणि काहीही कोसळणार नाही. तक्ता सांगतो की वाट चालून झाली. ती योग्य ठिकाणी नेते की नाही हे तो सांगत नाही. 'दऱ्या' च्या जागी 'दर्या' उमटला तर यंत्राच्या लेखी सर्व कुशल आहे. तो भेद ओळखण्यास मराठी वाचणारा लागतो. म्हणूनच हार्फबझसारख्या साधनांत फझ-परीक्षेच्या जोडीला भारतीय लिप्यांतील शब्दांचे नमुने व त्यांची अपेक्षित रूपे निराळी जपून ठेविली आहेत. प्रत्येक बदलानंतर ती पुन्हा ताडून पाहतात, आणि ह्या संग्रहात नवीन शब्दाची भर कोणासही सुचविता येते.